फट

केतकी आरोसकर पहिल्यांदा आल्या तेव्हा
चित्राची गुंडाळी काखेत होती,
छत्रीसारखी.
साखर पेठेत एप्रिलमध्ये छत्री कोण आणतं,
असं वाटून राजम्मा हसली.

कागद उलगडला तर काळं तळं,
मधोमध एक पांढरा फटकारा,
वरून खाली, एका दमात ओढलेला.
मी विचारलं, हे काय आहे?
त्या म्हणाल्या, मलाही नीट माहीत नाही.
चाळीस वर्षं मी हरणं विणली, मोर विणले,
निरोप समारंभात द्यायचे देव विणले.
एकही गिऱ्हाईक असं बोललं नव्हतं.
काम घेतलं.

काळा, त्या म्हणाल्या.
कुठला, मी म्हणालो,
आणि मागल्या खोलीतल्या लड्या आणून टाकल्या फरशीवर:
तव्याच्या बुडाचा,
यंत्राच्या वंगणाचा,
गिरणीची चिमणी पाडली त्या दिवशी
वाळत घातलेल्या धोतरांवर बसला तो,
आणि लग्नाच्या फोटोतल्या
आमच्या नानांच्या मिशीचा.
खुर्ची दिली होती, तरी त्या खालीच बसल्या.
दुपार कलेपर्यंत सहा काळे निवडले.

कागद ताण्याखाली गेला.
खड्ड्यात पाय सोडून मी तळ्याच्या तळापासून सुरुवात केली.
वीतभर दिसतं, बस.
विणलेलं पोटाशी गुंडाळत जातं,
त्यातही मला दिसते ती उलटी बाजू,
गाठी, शेपट्या, सोडलेली टोकं.
चित्राचं तोंड जमिनीकडे.
शेजारचे यंत्रमाग रात्रंदिवस टॉवेल ओकत होते.
वीज गेली की पेठ बहिरी व्हायची,
मग माझी फणी एकटीच ऐकू यायची,
कुणीतरी सावकाश दार ठोठावल्यासारखी.

फटकाऱ्याला एकोणीस दिवस लागले.
काळा धागा येतो, कडेपर्यंत पोचतो, परत फिरतो.
पांढराही तसाच.
एकमेकांना शिवत नाहीत,
दोघांच्या मध्ये फट राहते.
उभ्या रेघेचं हे असंच असतं आमच्याकडे.

दोन तृतीयांशावर रेघ थरथरली होती.
केसाएवढी.
मी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.
बाईच्या मनात काय आलं असेल त्या क्षणी?
कुणाचं मरण, कुणाचं पत्र?
मी धागे मोजले, उसवले, परत भरले.
जेवण थंड झालं.
राजम्मा म्हणाली, तेलुगूतच म्हणाली,
एवढं तर माझ्या दुखण्याकडेही पाहिलं नाहीस.

माग उतरवला त्या सकाळी केतकीबाई आल्या.
मी थरथरीवर बोट ठेवलं. विचारलं.
त्या आठवत राहिल्या, मग हसू फुटलं त्यांना:
बेल वाजली होती हो. दूधवाला आला होता.

दोन दिवस मी दूधवाला विणला होता.

मग आम्ही दोघांनी कापड दोन टोकांना धरून
दारासमोर उभं केलं.
त्या सुलट्या बाजूला, मी उलट्या.
बाहेरचं ऊन रेघेच्या कडेनं आत शिरलं,
आणि फटीतून मला त्यांचा एक डोळा दिसला,
नुसता डोळा, भुवई नाही, बाई नाही.
शिवून देतो, मी म्हणालो.
डोळा तिथेच होता बराच वेळ.
नको, म्हणाला.

बिल चौरस फुटावर केलं.
दूधवाल्याचे पैसे लावले नाहीत.

कापलेल्या ताण्याचे तुकडे राजम्मानं गोळा केले,
मोगऱ्याच्या कळ्या ओवायला बरे पडतात.
कुठल्याशा मोठ्या इमारतीत आता ते टांगलंय म्हणे,
भिंतीला पाठ लावून.
माझी बाजू भिंतीकडे.

नानांच्या मिशीची लडी थोडी उरली आहे.
ती मी कुणाला दाखवत नाही.